पाय, पोट, तोंड, डोकं

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नसीम बाईंचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "आमी तुले जनम देल्ला, बाईनं तुले घराबाहेर काढलं. घराबाहेर काढनं जास्त कठीन रायते."

नसीम बाई शेख कोरपन्याच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायच्या. मूळच्या चंद्रपूरच्या. कोरपन्यात बसस्टँडमागे दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. अंगानं किरकोळ, उंचीनं बेताच्या, आणि चालताना मान कायम वर. मान वर करून चालणारी बाई आमच्याकडे गर्विष्ठ समजली जाते. बाईंनाही पहिल्या वर्षी तसंच समजलं गेलं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की त्या माणसांकडे पाहतच नाहीत. त्या माणसांच्या डोक्यावरून मागच्या घराची खिडकी पाहतात, छज्जा पाहतात, छपरावरच्या कवेलूंची, म्हणजे कौलांची, ओळ पाहतात. त्यामुळे त्यांना ठेचाही फार लागायच्या. त्यांच्या एका ना एका घोट्याला बहुतेक वेळा पट्टी बांधलेली असायची.

खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, छत्री, लाल पेन आणि दोन छोटी पुस्तकं. एक इंग्रजी होतं, तळहाताएवढं पण जाडजूड. जंगलात पक्षी ओळखायला लोक जसं खिशातलं पुस्तक नेतात, तसंच ते होतं, फक्त इमारतींचं. खांब कसा आहे, कमान टोकदार आहे की गोल, घुमट कशावर बसला आहे, हे चित्रांशी ताडून पाहायचं आणि शैलीचं नाव काढायचं. बाईंनी ते नागपूरला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. साडीच्या दुकानातली पिशवी कापून त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. युरोपातल्या टोकदार कमानींच्या पानावर लोणच्याचं तेल सांडलं होतं, ते पुढच्या चार-पाच चर्चमधून झिरपत गेलं होतं. भारत अगदी शेवटी यायचा. एक ताजमहाल, एक दक्षिणेतलं गोपुर, की संपला. दुसरं पुस्तक मराठी होतं, पातळ, मंदिरांच्या शैलींबद्दलचं. त्यात आपल्याकडची चार नावं तरी होती.

ताडोब्यात माणसं वाघ पाहायला कुठून कुठून येतात. आमच्या कोरपन्याकडे पाहायला कोण येणार? कापसाच्या गाड्या आणि सिमेंटचे ट्रक यांच्यामधलं गाव. बाई मात्र दर शनिवारी शाळा सुटल्यावर पुस्तकं काढायच्या आणि आम्हा आठ-दहा पोरापोरींना घेऊन गल्लीत निघायच्या. पाटीच्या वर पाहा, हे त्यांचं पहिलं वाक्य. "मानसं दुकानाच्या पाटीपर्यंत पाह्यतात अन् थांबतात. इमारत तं पाटीच्या वरतं सुरू होते, पोट्टेहो."

पुस्तक लगेच उघडायची परवानगी नव्हती. आधी कागदावर खालून वर लिहायचं. पाय म्हणजे जोतं, पोट म्हणजे भिंत, तोंड म्हणजे दारं-खिडक्या आणि डोकं म्हणजे छप्पर. हे चारही नीट पाहून लिहिलं की मग पुस्तक. सगळ्यात खाली पाचवी जागा असायची, नावाची. ती भरायची घाई केली की बाई चिडायच्या. "आधी पाह्य, मंग नाव दे. न पाह्यता नाव देनं म्हंजे नावं ठेवनं."

नाव सापडलं नाही तर जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेला पूर्ण मार्क. आमच्यातला एक पोरगा आळशी होता, त्यानं एकदा सगळाच कागद कोरा दिला. बाईंनी शांतपणे त्याला पाणीटाकीसमोर उभं केलं आणि टाकीचे पाय, पोट, तोंड, डोकं तोंडी म्हणून घेतलं. टाकीला तोंड कुठे, यावर तो रडकुंडीला आला. तेव्हापासून गावातली मोठी माणसंही बाईंना गमतीनं छळायची. बस निघायच्या आधी कंडक्टर विचारायचा, "बाई, हा लाइटाचा खांब कोन्या शैलीचा म्हनावा?" बाई खांबाकडे पूर्ण पाहून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "वाकड्या."

कोरपन्यात एका कापूस व्यापाऱ्यानं नवीन बंगला बांधला. वास्तुशांतीला त्यानं बाईंना मुद्दाम बोलावलं आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "बाई, पुस्तक काढा, सांगा आपलं घर कशात बसते." आम्ही मागे उभे होतो. बाईंनी बंगल्याला एक चक्कर मारली. पुढच्या दोन खांबांच्या माथ्यावर प्लास्टरची पानं होती, कोबीच्या गड्ड्यासारखी. बाईंनी पुस्तकातलं पान काढून त्याला दाखवलं.

"पाय, म्हंजे हे खांब, ग्रीसचे आहेत, भाऊ. पोट राजुऱ्याच्या फरशीचं. तोंड राजस्थानी, ह्या झरोक्यांमुळे. डोक्यावर मात्र काळी टाकी आहे, ते पुस्तकात नाई."

आम्हाला वाटलं आता भडका उडणार. व्यापारी खूश झाला. पुढे कित्येक महिने तो सांगत फिरायचा, "माह्या घरात तीन देश आहेत." बाईंना यात काही विनोद झाला असं वाटलं नव्हतं. परत येताना त्या मला म्हणाल्या, "खरंच मेहनत केली त्यानं. आवडलं म्हून लावलं. पुस्तकात बसत नाई तर पुस्तकाची अडचन आहे, त्याची काय?"

अशाच अर्थाचं एक वाक्य त्यांनी नंतर आमच्या घरीही म्हटलं, आणि त्या वाक्यामुळे मी शिकलो.

बारावीनंतर बाबांनी मला शेतात घ्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडे तोवर कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. बाई आमच्या गावी, सावरडोहला आल्या. कोरपन्याहून बस फाट्यापर्यंतच यायची, पुढे चालत. बाबांना घराची लाज वाटत होती. अंगणात खाट टाकून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाई, घर पाहू नका, कुडाचं आहे." हे बाईंना सांगायला नको होतं. त्या उठल्या आणि घराभोवती फिरू लागल्या. आमचं जोतं गावच्याच फरशी दगडाचं. भिंती बांबूच्या कुडाच्या, वर मातीचा गिलावा. चौकट सागाची, आजोबांनी कुठून आणली कुणालाच माहीत नाही. छप्पर कवेलूचं. बाईंनी ते सगळं मोठ्यानं वाचावं तसं म्हटलं, पायापासून डोक्यापर्यंत. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या घराबद्दल कुणी इतका वेळ बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, "मंग हे कोनत्या पुस्तकात हाय?"

"कोन्याच नाई, भाऊ. पुस्तकवाले इथी आलेच नाई. तुमचा पोरगा शिकला तं तो लिवन."

बाबांनी उठून चौकटीवरून हात फिरवला. जूनमध्ये त्यांनी मला चंद्रपूरला नेऊन सोडलं.

चंद्रपूरबद्दल एकच सांगतो. लहानपणी दवाखान्याच्या निमित्तानं मी जटपुरा गेटखालून किती वेळा गेलो असेन. गेट म्हणजे ट्रॅफिक अडकायची जागा, एवढंच माहीत होतं. बाईंनी शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं, ऑटोवाल्यांच्या शिव्या खात एका कडेला उभं केलं आणि माना वर करायला लावल्या. दगडात सिंह होता. त्याच्या पायाखाली हत्ती. गोंड राजांची खूण. इतकी वर्षं मी त्याच्याखालून जात होतो आणि तो माझ्यावरून पाहत होता. बाई पुस्तक न उघडता म्हणाल्या, "इथी माहे अब्बा दुरुस्तीच्या कामाले होते. त्या सांध्यात त्यांच्या हातचा चुना आहे." कोणता सांधा, ते त्यांनी दाखवलं नाही. त्या नुसत्याच तिकडे पाहत राहिल्या.

त्यांचे वडील चुन्याच्या कामाचे मिस्त्री होते. चुना भिजवायचा, दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा, असं ते जुनं काम. सिमेंट आलं आणि ते काम बसलं. शेवटी शेवटी ते एका सिमेंटच्या दुकानात पोत्यांवर बसून राखण करायचे. बाईंनी हे आम्हाला एकदाच सांगितलं. वडिलांची एक सवय मात्र त्यांच्याकडे आली होती. जुनी भिंत दिसली की त्या सांध्यातला कण नखानं काढायच्या, बोटात चोळायच्या आणि जिभेच्या टोकाला लावायच्या. पोरी तोंडं वाकडी करायच्या. बाई म्हणायच्या, "अब्बा म्हनत, चुना जिभेशी खोटं बोलत नाई."

आता सावरडोहची मढी.

आमच्या गावाच्या तोंडाशी, फाट्याकडून येताना डाव्या हाताला, एक लहान दगडी खोली होती. तिला सगळे मढी म्हणायचे. आत मूर्ती नव्हती, एक शेंदूर लावलेला दगड होता. रायजाबाई नावाची म्हातारी तिथे दिवा लावायची, तिच्याआधी तिची सासू लावायची. लग्नाची वरात तिथे थांबायची. शेतातून येणाऱ्या बाया सावलीला टेकायच्या. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सिमेंटच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मढीच्या भिंतीवर लाल रंगाची फुली आली.

सरपंच मारोतभाऊ तालुक्याला चकरा मारून आले. तिथल्या साहेबानं त्यांना सांगितलं की वास्तू प्राचीन असेल तर फाइल वर जाईल आणि रस्ता वळेल. त्यासाठी परिसरातल्या एखाद्या जाणकाराचा अभिप्राय लावा. त्यानं एक छापील कागद दिला. त्यावर 'वास्तूची शैली' अशी एक ओळ होती आणि खाली शेऱ्याला बोटभर जागा.

जाणकार म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आमच्या भागात जुनं, काळं, दगडी असं काहीही दिसलं की लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. देऊळ असो, विहीर असो, पडका चौथरा असो. बाई वर्गात म्हणायच्या, "हेमाडपंती म्हंजे 'मले मालूम नाई' असं समजा." खरं हेमाडपंती काम कसं असतं ते त्या दोन माचिसच्या डब्या एकमेकींत अडकवून दाखवायच्या. घडीव दगड, एकात एक बसवलेले, मध्ये चुना नाही. चुना नाही, यावर त्यांचा जोर असायचा.

त्या रविवारी बाई आल्या. मी सुट्टीला घरीच होतो. शाळेतली खुर्ची आणून मढीसमोर ठेवली होती, पण बाई बसल्या नाहीत. त्यांनी मढीला चकरा मारल्या, हात फिरवत, खालून वर. निम्मं गाव जमलं होतं. मारोतभाऊ कागद आणि पेन घेऊन मागे मागे.

"काळी आहे, दगडाची आहे, जुनी आहे. आता हेमाडपंती व्हाले अजून काय लागते, बाई?" ते म्हणाले, आणि माणसं हसली. बाईही हसल्या.

मग त्या मागच्या भिंतीशी खाली बसल्या. काळेपणा दिव्याच्या धुराचा आणि शेवाळाचा होता, खालचा दगड आमच्याच शिवारातली फरशी. त्यांनी सांध्यातून कण काढला, बोटात चोळला, जिभेला लावला. त्या उठल्या.

"चुना आहे, मारोतभाऊ."

"असन. पन सायेब थोडाच चाटून पाह्यनार आहे? त्याले कागद दिसते. एक शब्द लिवा, बाई. हेमाडपंती. बाकी आमी पाहून घेतो."

बाईंनी पिशवीतून आधी मराठी पुस्तक काढलं, मग इंग्रजी. उभ्या उभ्या दोन्ही चाळली. मी त्यांच्या शेजारी होतो. त्या पानं अशी उलटत होत्या की जणू मधे एखादं पान चिकटून राहिलं असेल आणि त्यात ही मढी असेल. लोणच्याच्या डागावरून त्यांचं बोट दोनदा गेलं.

"कोन्या तरी मानसानं हा चुना मळला आहे," त्या म्हणाल्या. "गूळ घातला आहे. हात फुटले असतील त्याचे. मी हेमाडपंती लिवलं तं इथी चुना नव्हताच असं होते. माह्या बापाचं काम होतं ते, भाऊ. त्याले नव्हतं कसं म्हनू?"

"तो मानूस मेला, बाई," मारोतभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मढी उभी हाय."

रायजाबाई मढीच्या पायरीवर बसून होती. ती बाईंच्या हातातल्या पुस्तकांकडे पाहत होती.

शेवटी बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी लिहिलं. शैलीच्या ओळीत लिहिलं, 'हेमाडपंती नाही. शैली निश्चित सांगता येत नाही.' बोटभर जागेत 'सोबतची पानं पाहावीत' असं लिहिलं. मग माझ्याकडून वहीचे कागद घेऊन दोन पानं भरून काढली. मढी जुनी आहे, हे चुन्यावरून दिसतं. अशी बांधणी या भागात फार कमी उरली आहे. ती कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून ती जास्त जपायला हवी. गावाचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. इतकं चांगलं मराठी मी त्याआधी ऐकलं नव्हतं, अजूनही फारसं ऐकलेलं नाही. मारोतभाऊ म्हणाले, "चांगलं लिवलं," आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मला त्यांचा चेहरा आठवतो. पीक कापायला आलेलं असताना आभाळ भरून यावं आणि माणसानं वर पाहू नये, तसा.

तालुक्याहून पत्र आलं. स्थानिक जाणकारांच्या अभिप्रायानुसार सदर वास्तू हेमाडपंती नाही, सबब तिला पुरातन महत्त्व नाही. जोडलेल्या दोन पानांचा त्यात उल्लेख नव्हता. ती कुठे पडली, कुणी वाचली का, काही कळलं नाही.

जेसीबी आला त्या दिवशी बाई आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माणसं त्यांच्यापासून थोडी बाजूला उभी होती. कुणी काय म्हटलं, त्यांच्या नावावरून आणि आडनावावरून काय म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. बाईंनी ते ऐकलं, एवढं सांगतो.

मढी लवकर पडेना. छप्पर गेलं, पण भिंती सुटेनात. मशीन दात लावायचं, फरशी फुटायची आणि सांधा तसाच राहायचा. चालक उतरून विचारू लागला, "यात काय भरलं होतं जी? सिमेंटच्या बापाचं हाय." दुपारनंतर पाया निघाला. रायजाबाईनं शेंदराचा दगड आधीच पदरात घेतला होता. ती बाईंजवळ आली.

"बाई, तुमच्या पुस्तकात आमची मढी नव्हती काय?"

"नव्हती, माय."

"मंग आमाले इचारा लागत होतं. पुस्तकाले काऊन इचारत होते? आमी सांगतलं असतं ते काय हाय ते."

वर्गात अवघड प्रश्न आला तर त्या म्हणायच्या, उद्या सांगते, आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नाही. चुन्याचा एक गोळा उचलून पिशवीत टाकला आणि फाट्याकडे चालू लागल्या. मी सोबत निघालो, तर हातानंच थांब म्हणाल्या.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "बाईनं खरं लिवलं. पन त्या कागदात खऱ्याले जागा कमी होती." आई म्हणाली, "एका शब्दानं काय गेलं असतं बाईचं?" दोघांचंही मला पटत होतं. आजही पटतं, आणि म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली असावीत.

शनिवारच्या फेऱ्या बंद झाल्या. आमच्या मागून शाळेत असलेली पोरं सांगायची की बाई आता पुस्तकातलंच शिकवतात, पाठ्यपुस्तकातलं, आणि चांगलं शिकवतात. कंडक्टरनं एकदा सवयीनं खांबाची शैली विचारली, तेव्हा त्या तिकीट घेऊन खिडकीशी जाऊन बसल्या. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या चंद्रपूरला गेल्या.

मी बी.ए. झालो, परीक्षा देत राहिलो आणि आलापल्लीला वनखात्याच्या कार्यालयात लागलो. इथे सागाची झाडं आहेत आणि सागाचीच जुनी घरं. नव्यानं आलेल्या एका सहकाऱ्यानं मला मोबाइल दाखवला. इमारतीसमोर धरला की तो शैलीचं नाव सांगतो. त्यानं आमच्या विश्रामगृहासमोर धरला. मोबाइलनं परदेशातल्या कुठल्याशा डोंगरी घराच्या शैलीचं नाव सांगितलं. तो खूश झाला. मी त्याला विचारलं, जोतं कशाचं आहे? त्यानं पाहिलं नव्हतं.

बाई मला शेवटच्या दिसल्या त्या जटपुरा गेटपाशी. मी ऑफिसच्या कामानं चंद्रपूरला आलो होतो. संध्याकाळची गर्दी, भाजीच्या गाड्या, हॉर्न. त्या गेटखालून येत होत्या. हातात तीच कापडी पिशवी, त्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली. मान खाली. मी त्यांना आधी ओळखलंच नाही, कारण त्यांची मान खाली मी कधी पाहिलेली नव्हती. मी हाक मारली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, पण माझ्या चेहऱ्यापर्यंतच.

"सुधाकर ना रे? सावरडोहचा."

मी पाया पडलो. नोकरीचं सांगितलं. त्यांनी आईबाबांची चौकशी केली, नावं घेऊन. मी विचारलं, बाई, पुस्तक आहे का अजून?

"आहे घरी. कुठीतरी."

मी गेटकडे पाहिलं, सिंहाकडे. मला वाटलं त्याही पाहतील.

"आता मी रस्ता पाहून चालते," त्या म्हणाल्या. "खड्डे लय झाले." आणि घोट्याकडे बोट दाखवून हसल्या. घोट्याला पट्टी नव्हती. मग एका ऑटोमागून त्या पलीकडे गेल्या, गर्दीत लहान होत होत, आणि वर एकदाही न पाहता.

आलापल्लीला परत येण्याआधी मी सावरडोहला एक दिवस थांबलो. परत आल्यावर त्यांना पत्र लिहिलं. फोन नंबर होता, पण फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

*

आलापल्ली

आदरणीय नसीम बाईंना,

सुधाकरचा सादर नमस्कार.

गेटपाशी भेट झाली, पण तुम्हाला काही सांगायचं राहून गेलं. आमच्या फाट्यापासून आता गावापर्यंत बस येते. मढी होती तिथे पत्र्याचा थांबा झाला आहे. त्यावर सिमेंट कंपनीची जाहिरात आहे, गावाचं नाव नाही. पण कंडक्टर तिथे आल्यावर "मढीवाले उतरा" असंच म्हणतो. नवी पोरं उतरतात. त्यांनी मढी पाहिलेली नाही. आधी पाहा मग नाव द्या, असं तुम्ही आम्हाला शिकवलं. तिथे आता नुसतं नाव उरलं आहे. मला ते बरं वाटलं नाही. म्हणून जेवढं आठवतं तेवढं तुमच्या पद्धतीनं लिहून पाठवत आहे. आई, बाबा आणि मारोतभाऊ यांनाही विचारलं. मारोतभाऊंनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. ते म्हणाले, बाईंना सांग, भिंत शेवटपर्यंत सांध्यात तुटली नाही.

पाय: गुडघ्याएवढं जोतं, शिवारातल्या फरशीचं. पुढे एक पायरी, मध्ये झिजून खोलगट झालेली. पाऊस पडला की तिच्यात पाणी साचायचं आणि चिमण्या यायच्या.

पोट: फरशीचे थर, चुन्यात. भिंत एवढी जाड की आतल्या कोनाड्यात मी लहानपणी मावायचो. मागच्या बाजूला तुमच्या नखाची खूण होती.

तोंड: एकच दार, पूर्वेला. माझ्या बाबांना वाकून जावं लागायचं, रायजाबाईला नाही. वर आडवा दगड, त्यावर काही कोरलेलं नव्हतं.

डोकं: दगडच एकावर एक पुढे सरकवून मिटवलेलं. आतून पाहिलं तर अंधार व्हायचा, मग सवय झाली की थर दिसायचे. वर गवत उगवायचं.

नाव: मढी.

यात चुकलं असेल तिथे लाल पेन चालवा आणि परत पाठवा. नावाच्या जागेत मात्र चालवू नका, बाई. ते मी रायजाबाईला विचारून लिहिलं आहे.

तुमचा विद्यार्थी,
सुधाकर